पाहुण्यांचा कट्टा

२१ जानेवारी १९३४, रविवार

ईदच्या शेवया अजून डब्यात आहेत. दिनू आज त्या खायलाच आल्यासारखं दाखवत होता. दोन वाट्या संपवल्या, हलीमाला "भाभी, खोबरं जरा जास्त हवं होतं" असंही सुनावलं, आणि मग हळूच विषय काढला. आमचा शिडाचा मचवा पाहिजे.

दिनू वाचनालयाचा चिटणीस. त्यांची एक दिवसाची सहल निघायची आहे. खाडीच्या काठाने जिथं जिथं जुन्या लढाया झाल्या त्या जागा बघायच्या: मोर्च्याची टेकडी, वाळूत रुतलेली तोफ, आणि शेवटी खाडीच्या तोंडावरचा पाणकोट. तळे गावाहून, माणगावहूनसुद्धा मंडळी येणार म्हणे.

म्हटलं, ने की. एवढं तोंड वेंगाडून विचारायचं काय त्यात? 'रहमत' फेब्रुवारीत दोन मुंबई फेऱ्यांच्या मधे इथंच बांधलेला असतो. शब्द दिला.

मला मनातून बरं वाटलं. आपल्या खाडीकडे कोणी तरी बघतंय. नाही तर इथं लोक येतात ते लाकूड आणि सुपारी न्यायला.

२३ जाने., मंगळ.

दिनू आणि मी वखारीत बसून दिवस ठरवला. १८ फेब्रुवारी, रविवार. त्या दिवशी पहाटे ओहोटी चालू असेल, तिच्याबरोबर खाली उतरायचं. दुपारी भरती वर घेऊन येईल. वारा नसला तरी अडायचं नाही. धाकल्या तांडेलाला बोलावून विचारलं, तोही "बेस हाय" म्हणाला. धाकल्या म्हणजे नावाचा धाकटा, वयाने माझ्यापेक्षा थोरला. बापाच्या वेळपासून आमच्या मचव्यावर.

कुठं काय दाखवायचं ते मी दिनूला भराभर सांगत गेलो. तो लिहीत गेला. आम्ही शाळेत असताना असंच होतं. मी बोलायचो, तो लिहायचा, आणि मास्तर शाबासकी त्याला द्यायचे.

हलीमा: "तुम्ही पण जाणार?"
"मचवा माझा. मी नाही तर कोण जाणार?"

२५ जाने., गुरु.

दिनू आला. उभ्याउभ्याच बोलला. दिनू उभ्याने बोलायला लागला की समजावं, कोणाचा तरी निरोप आहे.

"रावसाहेब म्हणाले, इस्माईलशेटना उगाच त्रास कशाला. तांडेल आहेच की."

रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार. माणगावची कचेरी सुटली आणि इथं बंगला बांधून राहिले. आल्याबरोबर वाचनालयाचे अध्यक्ष. अध्यक्ष व्हायला आमच्या गावात पगडी आणि काठी पुरते.

म्हटलं, मला कसला त्रास? माझ्याच मचव्यात बसायचा?
"तसं नाही रे. जेवण आहे ना. पंगतीचा प्रश्न निघाला."

वा! म्हणजे मचव्यात बसताना विटाळ नाही. शिडाच्या दोरीला हात लागला तर नाही. पिंपातलं पाणी माझ्या विहिरीचं, ते चालेल. (ते चालेल की नाही, विचारायचं राहिलं.) पान वाढायची वेळ आली की इस्माईल परका.

बोललो मी हे सगळं. दिनूने मान खाली घातली. "मी काय करू, सांग."

काही करू नकोस. माझी भाकरी मी फडक्यात बांधून नेईन आणि सुकाणूजवळ बसून खाईन. पण जाणार.

२८ जाने., रवि.

आज त्यांची आगाऊ पाहणी. रावसाहेब, दिनू आणि कंत्राटदार बापूशेट होडीने पाणकोटावर जाऊन आले. होडी वल्हवायला धाकल्या. मला कोणी विचारलं नाही. मीही वखारीतून हललो नाही. पण होडी परत येताना दिसली तेव्हा उठून उभा राहिलो. कशाला, देव जाणे.

२९ जाने., सोम.

लिहितो, म्हणजे राग उतरेल.

सकाळी धाकल्या आला. नेहमी ओट्यावर बसतो, आज बसला नाही.
"शेट, त्यांनी चूल पावन्यांच्या कट्ट्यावर मांडायची ठरवली हाय."
"काय?"
"व्हय. बापूशेट बोलला, हतं आदीची चुलीची जागा हाय. काला धूर हाय, नारलाच्या करवंट्या हायत. लोकं हतं जेवायला येतात म्हनून."
"मग तू बोलला नाहीस?"
"मी बोलनार व्हतो. पन दिनूभाव व्हते ना सोबत. मना वाटला, ते बोलतील."

दिनू बोलला नाही.

काळा धूर! अरे, तो दिव्याचा धूर. दर वर्षी लावतो त्या दिव्याचा. आणि करवंट्या दर वर्षीच्या नारळाच्या. ह्या लोकांना काळं दिसलं की चूल दिसते आणि करवंटी दिसली की चटणी.

माझ्या खापरपणज्याचा बाप पाणकोटाच्या तोफेवर गोलंदाज होता. डोंगराकडून फौज आली, होड्यांत बसून कोटावर चालून गेली. त्या दिवशी कोट पडला नाही. होड्या फुटल्या, माणसं बुडाली. आणि मग दर भरतीला पाणी एकेकाला कोटाच्या पायऱ्यांवर आणून ठेवू लागलं. लढाई संपली तरी माणसं येतच राहिली. जाळावं म्हटलं तर आत वेढ्यामुळे लाकूड नाही, भात शिजवायची मारामार. तेव्हा त्या गोलंदाजाच्या बायकोने, आमच्या त्या पणजीने, आणि कोटातल्या बायकांनी त्यांना आतल्या चौथऱ्याजवळ पुरलं. ती म्हणाली म्हणे, दारात आलेला पाहुणा, मग तो कसा का आलेला असेना. वर दगड रचून कट्टा केला.

तेव्हापासून आमच्या घरचा नेम. पावसाळा सरून मचवा पाण्यात उतरला की पहिली फेरी पाणकोटावर, मुंबई नंतर. आमच्या गोलंदाजांच्या कबरी पलीकडे चिंचेखाली आहेत, तिथं फातेहा. मग पाहुण्यांच्या कट्ट्यावर दिवा आणि नारळ. नारळ मात्र आम्ही फोडायचा नाही. तो त्यांच्यातल्याच माणसाच्या हातून. पुरलं म्हणून त्यांची माफी मागायची ती त्यांना कळेल अशा रीतीने. माझ्या आजोबांबरोबर दिनूचे आजोबा यायचे. मग त्याचे वडील. मग दिनू.

गेली काही वर्षं नेमकं त्याच दिवशी दिनूला काम निघतं. नारळ धाकल्या फोडतो.

ज्यांचं नाव घेऊन ही सहल चालली आहे त्यांच्याच छातीवर ह्यांची खिचडी शिजणार. त्या बिचाऱ्यांना तेव्हा जाळायला लाकूड मिळालं नाही, आणि आता ह्यांना लाकूड मिळालंय तर ते ह्या कामाला!

१ फेब्रु., गुरु.

गेलो होतो. वाचनालयाची सभा होती. मला बोलावणं नव्हतं, पण दाराला कुलूपही नव्हतं.

रावसाहेब गोड बोलले. "या, या, इस्माईलशेट. आपल्यामुळेच तर हे जमतंय." बसायला खुर्ची. पानाचा डबा दिनूपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

मी सरळ बोललो. "त्या कट्ट्यावर चूल नको."
"का बरं?"
"खाली कबरी आहेत."

मग रावसाहेब हसले. "कबरी काय, कोटभर असतील. असं म्हणत बसलो तर पाय ठेवायला जागा राहायची नाही."
"पाय ठेवा. चूल ठेवू नका."
"हे पाहा, हा इतिहासाचा विषय आहे. ह्यात आपण धर्म आणू नका."

मी आणला! मी? पंगतीचा प्रश्न काढला तो कोणी, मी?

बापूशेट कोपऱ्यातून म्हणाला, "शत्रूच्या कबरी राखायला कोण सहल काढतो?" हसले सगळे. दिनू सभेचं टिपण लिहीत होता. टाक हातात, टाकाला शाई, कागदावर काही नाही. माझ्याकडे बघितलं नाही.

तोंडाशी आलं होतं माझ्या: अरे शहाण्यांनो, ते तुमच्याच फौजेतले आहेत. गिळलं. उठलो, बाहेर पडलो, पायात वहाणा सरकवल्या आणि चालू लागलो. वखारीपाशी आलो तेव्हा कळलं, वहाणा रावसाहेबांच्या. पुढे टोकदार, करकर वाजणाऱ्या. सबंध बाजारातून मी त्या वाजवत आलो.

हलीमा हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही. आलं, पण दाखवलं नाही.

२ फेब्रु., शुक्र.

वहाणा धाडून दिल्या. माझ्या परत आल्या, पुसूनबिसून. रावसाहेबांच्या गड्याचं काम नीट असतं.

जुम्म्याची नमाज. लक्ष लागलं नाही. तोबा, इमामसाहेब सबुरीवर बोलत होते आणि मी मनात बापूशेटला उत्तरं देत होतो. काय काय सुचतं, सगळं दुसऱ्या दिवशी.

गिळलं ते का, हे हलीमाने विचारलं. "सांगून टाकायचं होतं. कोणाच्या आहेत ते कळलं असतं तर हात जोडले असते त्यांनी."

तेच तर! हात जोडले असते, चूल उचलली असती, आणि उचलून मांडली असती कुठं? चिंचेखाली. सावली आहे, जागा सपाट आहे, आणि तिथले मेलेले 'शत्रू'. म्हणजे माझ्या तोंडाने मी एकाला वाचवायचं आणि दुसऱ्याला चुलीखाली द्यायचं. मेलेला माणूस आहे एवढं पुरे नाही? आधी त्याची जात विचारणार, गोट विचारणार, मग ठरवणार की त्याच्यावर भात शिजवायचा की फूल ठेवायचं?

नाही सांगणार. कबर म्हटलं, तेवढ्यावर जो थांबेल तो माणूस. धाकल्यालाही बजावलं, तोंड उघडायचं नाही.
"शेट, पन ते तर माझं बी पावने."
"माहीत आहे."
"मग?"
मग काय? गप्प बस म्हटलं. मालक म्हणून म्हटलं. ते मला आवडलं नाही.

५ फेब्रु., सोम.

छापील पत्रक निघालं. बाजारात चिकटवलंय, आमच्या वखारीच्या दारावरसुद्धा, मला न विचारता. "रणक्षेत्र-दर्शन." खाली: "पाणकोट. येथे शत्रूचा धुव्वा उडाला. त्याच जागी सहभोजन व रावसाहेबांचे व्याख्यान." आणि अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: "मचवा एका हितचिंतकाकडून."

हितचिंतक. नाव छापलं तर शाई बाटते काय?

आणि धुव्वा! त्या दिवशी धुव्वा कोणाचा उडाला ते कट्ट्याला विचारा. कोट मिळाला तो पुष्कळ पुढे, तहात, कागदावर. हे दिनूला चांगलं माहीत आहे. पत्रक लिहिलंय दिनूने. त्याचं वाक्य मी ओळखतो, 'त्याच जागी' असं तोच लिहितो.

पत्रक फाडलं. मग वाटलं, आपण पोरासारखं करतोय. पुन्हा चिकटवलं. वाकडं बसलं, बसू दे.

८ फेब्रु., गुरु.

आता वखारीवर चिठ्ठी: चुलीसाठी लाकूड हवं. कोरडं, धूर न करणारं. हेही हितचिंतकाकडूनच.

मी म्हटलं, नाही देत. मचवा देणार म्हटलं होतं, सरपण नाही. चिठ्ठी आणणारा गडी उभाच. उन्हात. त्याचा काय दोष? पाणी दिलं, परत पाठवला.

मचवाही नको द्यायला, असं वाटतं. धाकल्याला म्हटलं, सांगू काय त्यांना, 'रहमत'ला भोक पडलंय म्हणून? धाकल्या गंभीर झाला. "शेट, मचव्याबद्दल आसा वंगाल बोलू नये."

खरं आहे. आणि शब्द दिलाय. शब्द दिनूला दिलाय, रावसाहेबाला नाही, म्हणून तर जास्त अडकलोय.

११ फेब्रु., रवि.

आज एक आठवडा उरला.

हलीमाशी भांडण. म्हणजे भांडलो मी, ती तांदूळ निवडत होती. शेवटी सूप खाली ठेवलं.

"एक विचारू? तुमच्या रुसव्यापायी पाहुण्यांच्या छातीवर चूल पेटणार. पणजी असती तर काय म्हणाली असती?"

मी म्हटलं, रुसवा नाही, ही तत्त्वाची गोष्ट आहे.
"तत्त्व तुमचं, चटका त्यांना."

बाई बोलते तेव्हा नेम धरून बोलते. पुन्हा चिंचेखालची गोष्ट सांगितली, की सांगितलं तर आपल्या माणसांवर चूल येईल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नारळ आपण का फोडत नाही?"
"त्यांच्यातल्याने फोडायचा म्हणून."
"मग बोलायचंही त्यांच्यातल्यानेच. तुम्ही सांगितलं तर ती तुमची तक्रार होते. दिनूभावोजींनी सांगितलं तर ते दोन्हीकडचं सांगू शकतात. चिंचेखालीही त्यांनी पाणी घातलंय की. त्यांना असं सुटू देऊ नका."

सूप उचललं, निवडायला लागली.

१३ फेब्रु., मंगळ.

दिनूला बाजारात गाठलं. मुद्दाम बाजारात. घरी गेलो असतो तर चहा आला असता, त्याची बायको आली असती, बोलणं राहिलं असतं. मासळीच्या कट्ट्यामागे नेलं.

"दिनू, तुला आठवत नाही?"
"आठवतं रे."
"मग?"
"आत्ता नको, इस्माईल. सहल होऊ दे. मग मी स्वतः..."
"मग तू स्वतः काय? राख झाडणार?"

तेव्हा बोलला. मुलाचं माणगावच्या कचेरीत व्हायचंय. रावसाहेबांनी शब्द टाकलाय. पुढच्या महिन्यात हुकूम निघेल. "आत्ता त्यांचं पत्रक खोटं पाडू? चार लोकांत? तूच सांग, तुझा मुलगा असता तर?"

मला मुलगा नाही. त्याला माहीत आहे. बोलून गेला आणि चेहरा पडला त्याचा. मी सोडलं नाही. म्हटलं, "तुझ्या बापाला शेवटच्या वर्षी चालता येत नव्हतं. धाकल्याच्या खांद्यावर बसून पायऱ्या चढला, कट्ट्यापाशी उतरला, आणि नारळ फोडला. हात एवढे थरथरत होते की पहिल्या घावाला नुसता ओरखडा उठला. तू होतास. मी होतो. त्याला कोणाचा हुकूम निघायचा होता?"

कोळणी आमच्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "भावांनो, भांडायचं तर पलीकडं भांडा, गिऱ्हाईक जातंय." दिनू गेला. छत्री विसरून गेला. फेब्रुवारीत छत्री घेऊन हिंडणारा हा गावात एकटाच.

छत्री वखारीत आहे. नाही पाठवणार. यावं आणि न्यावी.

१५ फेब्रु., गुरु.

छत्री न्यायला कोणी आलं नाही.

रावसाहेबांचा निरोप, की सरपणाची व्यवस्था झाली नाही तर बापूशेट आपलं आणेल, पण 'इस्माईलशेटना वाईट वाटू नये'. किती जपतात मला!

मी सरपण दिलं. हो, दिलं. बापूशेट ओलं आंब्याचं आणणार, कोट धुराने भरून टाकणार, पाहुण्यांना तोही जाच. आपलं निदान कोरडं आहे. हलीमा म्हणाली, "तुमचं काही समजत नाही." मलाही समजत नाही. रागावलेला माणूस दुसऱ्यासाठी लाकूड निवडून देतो हे मी कुठं ऐकलं नव्हतं.

पण कोणी म्हणेल इस्माईलने अडवलं, ते नको. अडवायचं तर त्यांनी स्वतःला अडवावं.

१७ फेब्रु., शनि.

दिवसभर लोक येऊन गेले. तळ्याची मंडळी धर्मशाळेत उतरली. सतरंज्या, घागरी, मोठं पातेलं, सगळं मचव्यात चढलं. धाकल्याने सरपण मागच्या बाजूला रचलं. पातेल्याकडे बघून थुंकला. पाण्यात, मचव्यात नाही.

संध्याकाळी दिनू आला.

वाटलं छत्रीसाठी. म्हटलं, ती बघ कोपऱ्यात. त्याने बघितलंसुद्धा नाही. ओट्यावर बसला. बऱ्याच दिवसांनी बसला.

"एक नारळ देतोस?"
"स्वैपाकाचे नारळ दुपारीच गेले. पोतंभर."
"ते नाहीत. मागच्या झाडाचा. ज्याचा आपण नेहमी..." थांबला. "शेंडी ठेवून सोल."

शेंडीचा नारळ कोणी चटणीला मागत नाही.

मागे गेलो. गडी होता, त्याला नाही सांगितलं, स्वतः पहारेवर सोलला. वय झालं आता, मनगट दुखतं. शेंडी नीट ठेवली. आणून दिला. दिनूने कानाशी हलवून बघितला, त्याचा बाप बघायचा तसा. आत पाणी बोललं. उपरण्यात गुंडाळला.

"रावसाहेबांना सांगितलंस?" न राहवून विचारलंच.
"नाही."
"सांगणार?"
"नारळ तर घेतलाय," म्हणाला. उठला. छत्री पुन्हा विसरला.

आता काय समजायचं? सगळ्यांदेखत फोडणार? की सगळे जेवून पांगल्यावर हळूच एका कोपऱ्यात, राखेवर? तसं केलं तर मी त्याच्याशी आयुष्यात बोलणार नाही. हलीमाला तसं म्हटलं. ती म्हणाली, "बोलाल."

१८ फेब्रु., रवि. मचव्यात

पेन्सिलीने लिहितोय. मचवा हलतो, अक्षर वाकडं येतंय.

उजाडता निघालो. ओहोटीने उचलून घेतलं, वारा बेताचा. मला बघून रावसाहेब म्हणाले, "अरे, आपण? एवढ्या सकाळी कशाला तसदी?" म्हटलं, मचवा बघायला आलोय. माझी भाकरी फडक्यात आहे. मागे सरपणावर बसलोय, तिथं कोणाला माझा विटाळ होत नाही.

मंडळी खुशीत. मोर्च्याची टेकडी बघून झाली. रावसाहेबांनी काठीने हवेत तोफा डागल्या. वाळूतल्या तोफेवर तळ्याचे एक वकील चढून बसले, धोतर गंजाने लाल झालं. आता पाणकोटाकडे.

दिनू मधे बसलाय, माझ्याकडे पाठ. उपरण्यातली गुंडाळी मांडीवर. सकाळपासून एक शब्द नाही, ना माझ्याशी, ना त्यांच्याशी.

आत्ताच झालं ते लिहितो. आचारी खोबरं किसायला बसला होता. कोटावर पोचेपर्यंत तेवढं उरकून घ्यायचं म्हणून. त्याची नजर गुंडाळीवर गेली. "चिटणीससाहेब, तो पण द्या इकडे, चटणीला कमी पडतोय." आणि हात पुढे करून उपरण्याचं टोक ओढलं.

दिनूने नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला. एवढा घट्ट की शेंडी वाकली.
"हा चटणीचा नाही."

आवाज मोठा नव्हता. पण दिनूचा तसा आवाज मीसुद्धा पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. बोलणारे थांबले. आचाऱ्याचा हात तसाच. रावसाहेब पुढच्या टोकाला होते, तिथून वळले.

"मग कशाचा आहे, चिटणीस?"

दिनू उठून उभा राहिला. मचव्यात उभं राहायची त्याला सवय नाही, डोलकाठी धरली एका हाताने. तोंड उघडलं, आणि त्याच वेळी धाकल्या शीड फिरवताना ओरडला, "डोकी खाली!" सगळे वाकले. शीड पलीकडे गेलं. उठले तेव्हा बापूशेट काही तरी विनोद सांगत होता, लोक हसत होते, आणि प्रश्न तिथंच राहिला.

धाकल्याने मुद्दाम केलं की काय? त्याच्याकडे बघितलं. तो समोर बघतोय. इतका जळफळाट झाला माझा. अरे, आत्ता सांगणार होता ना तो! की नव्हता?

दिनू बसला नाही. अजून उभाच आहे, डोलकाठी धरून, नारळ काखेत. रावसाहेब हसत नाहीत. ते अजून त्याच्याकडे बघतायत.

कोटाच्या पायऱ्या दिसायला लागल्या. पाणी उतरलंय, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, तिथं मला आधी उतरून लोकांना हात द्यावा लागेल. आचाऱ्याने विचारलं, सरपण आधी काढायचं का? मी म्हटलं, चिटणीसांना विचार. सरपण माझ्या बुडाखाली आहे आणि दिनू बोलेपर्यंत मी उठणार नाही.